अक्काच्या शेजारची जागा

२ डिसेंबर, मंगळवार

पडली एकदाची थंडी. सकाळी मशीनचं चाक हातात धरवत नव्हतं, लोखंड नुसतं चावत होतं. धुळ्याची थंडी म्हणजे हाडं मोजून घेते.

दुपारी प्रसाद आला, मंडळाच्या नाटकाच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन. बँकेतला माणूस, पण डिसेंबर लागला की याच्या अंगात महोत्सव शिरतो. यंदा चार दिवस. ८ ते ११ जानेवारी, शाळेच्या मैदानावर. नाटकं आणि गोष्टी. राजाचा अंगरखा सैल करायचाय, राजाचं पोट सुटलंय म्हणे. म्हटलं, राजाला सांग भाकरी कमी खा, माझ्याकडे शिलाईत तेवढी माया नाही.

मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अक्का येणार ना?"
"येणार म्हणजे काय मावशी! शनिवार संध्याकाळ अक्कांचीच. बोलणं झालंय."

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. अक्काचा पाय मोडला आणि तिची लेक मंगल तिला जळगावला घेऊन गेली, तेव्हापासून समोरच्या घराला कुलूप आहे. सकाळी दार उघडलं की आधी ते कुलूपच दिसतं. आता परत स्टेजवर सतरंजी, मध्ये अक्का, शेजारी मी. ती गोष्ट सांगणार, मी "हां, मंग?" म्हणणार. तीस वर्षं तिला हुंकार देतेय. आपला हां पडल्याशिवाय अक्का पुढचं वाक्य बोलत नाही. मुकाट बसलं तर तीही मुकाट बसते. "हुंकार नई ते गोष्ट रानमा जास," म्हणते.

अंगरख्याला बगलेत जास्तीच्या कापडाच्या कळ्या घातल्या. होईल.

५ डिसेंबर, शुक्रवार

अक्काला फोन. मंगलने उचलला. "आई शेजारी गेलीय, शमीमकडे."
मंगळवारी शेजारी. बुधवारी शेजारी. आज शेजारी. हे शेजारी म्हणजे गादीवाले. नवरा कापूस पिंजतो, बायको गाद्या-रजया शिवते.
"आईला करमतं तिथे," मंगल म्हणाली.
करमू दे की. चांगलंच आहे. पाय इथे यायला बरा नाही, शेजारी जायला बरा आहे.

९ डिसेंबर, मंगळवार

लग्नसराई. ब्लाऊजांचा ढीग. मधली खोली आवरली, कारण अक्का कार्यक्रमाला आली की उतरणार माझ्याकडेच, दुसरीकडे कुठे जाईल? माळ्यावरून लोखंडी खाट काढली, पुसली. रजईला नवा अभ्रा शिवला. न्हाणीघराचा बल्ब बदलला, तिला रात्रीची उठायची सवय.

आज दिवसभर काय बोलले: बाही केवढी? गळा किती खोल? अस्तर तुमचं का माझं? परवा या. परवा या. परवा या म्हटलं ना बाई.

दिवा लावताना मोठ्याने "हां, मंग?" म्हणून बघितलं. घसा धरलाय. उद्यापासून गरम पाणी.

१४ डिसेंबर, रविवार

ग्रुपवर महोत्सवाची पत्रिका आली. रंगीत. वर गणपती, खाली कार्यक्रम.
शनिवार, सायं. ६. अहिराणी गोष्टी: अक्का. हुंकार: शमीमबी.

चष्मा पुसून परत वाचलं. बोटांनी मोठं करून वाचलं. मोठं केलं तरी शमीमबीच.

खाली सगळ्या गल्लीने अंगठे दाखवलेत, टाळ्या वाजवल्यात. कुणाला एकाला वाटू नये की इथे विमल असायची? एकानेही विचारलं नाही. मीही अंगठा पाठवला. न पाठवला असता तर कळलं असतं ना सगळ्यांना.

जेवायचं राहून गेलं. भात तसाच पातेल्यात आहे.

१५ डिसेंबर, सोमवार

प्रसादचा फोन. "मावशी, मला वाटलं तुमचं दोघींचं बोलणं झालं असेल. अक्कांनीच ते नाव दिलं हो."
अक्कांनीच.
"तुम्ही यंदा स्वागताला उभ्या राहा ना, प्रवेशद्वारापाशी, गुलाबपाणी—"
म्हटलं, गुलाबपाणी तुझ्या राजाच्या पोटावर शिंपड. फोन ठेवला.

गरज सरो, वैद्य मरो. लोकांना वाटतं हां म्हणायला काय लागतं, बैलसुद्धा मान हलवतो. बसा म्हणावं एकदा अक्काशेजारी. लवकर म्हटलं तर तिचा सूर तुटतो, उशिरा म्हटलं तर ती डोळे वटारते. मी शिकले ते सगळं. आता गादीवाली येणार आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढणार.

नंतर प्रसादचं वाईट वाटलं. त्या पोराचा काय दोष. चाळिशीचं पोर.

१६ डिसेंबर, मंगळवार

डोकं ठिकाणावर नाही. पाटलांच्या सुनेच्या ब्लाऊजच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. दोन्ही डाव्या. आजवर शिकाऊ पोरींच्या पाठीत धपाटा घातला असेल मी यासाठी. साडीतलंच पीस, दुसरं कापड आणायचं कुठून? उरलेल्या काठाचा जोड देऊन कशीबशी उजवी केली. ती घ्यायला आली तेव्हा म्हटलं, ही नवी फॅशन आहे. खूश होऊन गेली बिचारी.

अक्काला फोन केला नाही. तिचाही नाही. तिला काय कळत नसेल? गल्लीत कुणाच्या पोटात काय दुखतंय हे हिला ओट्यावर बसून कळायचं.

२१ डिसेंबर, रविवार

जळगावला जाऊन आले. अस्तराचं कापड आणायला. धुळ्यात अस्तर मिळत नाही का? मिळतं. तरी गेले.

पारोळ्यापर्यंत उभीच. मग एका म्हाताऱ्या बाईशेजारी जागा मिळाली. तिने विचारलं, "कठे, पद्मालयना गणपतीले का वं?" म्हटलं, नाही, भांडायला चाललेय. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि एरंडोल येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

मंगलच्या घरी अक्का नव्हतीच. शेजारी. गेले तिकडे. अंगणभर उसवलेल्या गाद्या, शमीमचा नवरा पडवीत कापूस पिंजतोय, सगळीकडे पांढरे धागे उडतायत, आणि अक्का बाजेवर उन्हाला बसलेली, मस्त, पायावर रजई घेऊन. मला बघितलं आणि दोन्ही हात पसरले. "ओ माय वं! इमल उनी!"
पारोळ्यापासून पाठ करत आणलेलं पहिलं वाक्य तिथेच गेलं. दुसरं जपून ठेवलं.

शमीम माझ्याहून बरीच लहान. पंचेचाळिशीची असेल. बोलते भारी. "आओ बाई, आओ! अक्का रोज तुमचं नाव काढतात." काढत असतील. रजईचा टाका बघितला. हाताचा असून सरळ. मान्य करावं लागलं, मनातल्या मनात. जेवायला भरीत केलं होतं, हिरव्या वांग्यांचं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं. नको नको म्हणत दोनदा घेतलं. राग आला की मला भूक लागते.

जेवण झालं तशी शमीम सुई घेऊन अक्काच्या पायाशी बसली. "अक्का, कल की अधूरी रही." आणि दोघी सुरू. मी बाजेच्या कडेला.

आता हा काय हुंकार झाला? हां कमी, भांडण जास्त. गोष्टीतला पोरगा घर सोडून जातो, तर ही सुई उगारून म्हणते, "ऐसे कैसे? आणि आईने जाऊ दिलं? मी तर तंगडी तोडती त्याची!" मी असं काही बोलले असते तर अक्काने मला ओट्यावरून उतरवलं असतं. इथे अक्का खदखदून हसली. आणि तिला समजावायला लागली की पोरगा का गेला. बापाने एकदा त्याला सगळ्यांसमोर ताटावरून उठवलं होतं म्हणे. हे कारण गोष्टीत कधीच नव्हतं! मला एवढ्या वर्षांत सांगितलं नाही. हिने तंगडी म्हटलं आणि हिला सांगितलं.

मीही हां म्हणत होते, तोंडातल्या तोंडात. सवय. पिंजण्याच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नसणार.

निघताना अक्का काठी टेकत फाटकापर्यंत आली. तिथे दुसरं वाक्य काढलं. पुढचं आज लिहवत नाही.

अस्तर आणायचं राहिलंच.

२२ डिसेंबर, सोमवार

कालचं लिहून टाकते, डोक्यातून जात नाही.

मी विचारलं, "अक्का, मना हुंकारमा काय खोट व्हती?"
तिने काठी फाटकाला टेकवली. मग म्हणाली, "खोट नई वं. पन तुले बठ्ठं म्हाईत शे."
म्हटलं, सगळं माहीत आहे, मग चांगलंच आहे की!
"काय चांगलं? साप निंघाना आंधी तू घाबरस. म्हतारी मराना आंधी तुना डोयामा पानी. मंग मी सांगू कोनले? शमीमले काहीच म्हाईत नई. तिले सांगाले मजा येस."

झालं. आडून बोलायची सवयच नाही बाईला. दुसऱ्याला अशी बोलायची तेव्हा मला फार आवडायचं.

आणि खोटं तरी काय आहे त्यात? मागच्या महोत्सवात सुसरीची गोष्ट होती. सुसर पाण्याबाहेर यायच्या आधीच मी "अगं बाई गं!" करून बसले होते. मंडप हसला. मला वाटलं, काय रंगलंय आज!

म्हणजे मन लावून ऐकलं, जीव लावून ऐकलं, आणि त्यानेच सगळ्यावर पाणी पडलं. ऐकलं नसतं तर आज जागा असती माझी. कुठे नेऊन घालायचं हे शहाणपण?

२६ डिसेंबर, शुक्रवार

सुरतहून भावाचा फोन.
"बरी आहेस?"
"बरी."
"थंडी?"
"आहे."
"बरं, ठेवतो मग."

प्रसादकडून कळलं, अक्का आणि शमीम त्याच्याकडे उतरणार. खालच्या मजल्यावर खोली आहे, पायऱ्या चढायला नकोत. माझ्या घराला पायऱ्या आहेत. आधीही होत्या. खाटेवर शिवायचे गठ्ठे ठेवले, मोकळी खाट बघवत नाही.

मला फार एकटं वाटतं. कुणाला सांगायची सोय नाही म्हणून इथे लिहिलं. लिहून काही कमी झालं नाही.

३ जानेवारी, शनिवार

प्रसाद कपडे न्यायला आला. चहा केला, रुसवा किती दिवस धरायचा. अंगरखा बघून खूश. मग म्हणतो, "मावशी, तुम्हाला अक्कांच्या सगळ्या गोष्टी पाठ आहेत. रविवारी दुपारी अर्धा तास मोकळा आहे. तुम्हीच सांगा की एखादी."
"हुंकार कोण देणार?"
"मी देतो!"

बघू तरी म्हणून सुरुवात केली. एक होतं गाव. "हां हां." गावात होती विहीर. "बरोबर. पुढे?" बँकेत खिडकीशी उभ्या माणसाला पुढे घेतात तसं मला घेत होता. विहिरीवर बायका येईपर्यंत माझा जीव दमला. म्हटलं, राहू दे बाबा, तू आपला पडदा ओढ.

गोष्ट पाठ आहे म्हणजे सांगता येते असं नाही. माझ्या तोंडून ती अगदी कोरडी निघाली. अक्काच्या तोंडची विहीर खोल असते.

८ जानेवारी, गुरुवार

उद्घाटन. न जाण्याचं ठरवलं होतं, पण अंगरखा कसा बसतो ते बघायला गेले. बसला. बाळबोध नाटक, पण हसले. प्रधानाची मिशी सुटून राणीच्या शेल्याला चिकटली आणि राणी पुढचा सगळा प्रवेश मिशी घेऊन रडली.

मैदानात गारठा मी म्हणत होता. बायका शाली पांघरून एकमेकींना खेटून बसलेल्या. माझ्या शेजारच्या खुर्चीवर मी पर्स ठेवली. दोघीतिघींनी विचारलं, "इथे कुणी आहे?" म्हटलं, येणारेत.

शेवटपर्यंत येणारेत.

१० जानेवारी, शनिवार

आल्या आल्या लिहितेय, शालसुद्धा काढलेली नाही.

मागे खांबापाशी बसले. अक्काने जांभळं लुगडं नेसलेलं, माझ्याच हातचा ब्लाऊज. शेजारी शमीम, डोक्यावर ओढणी, माईक हातात घेऊन घाबरलेली. बरं वाटलं मला ती घाबरलेली बघून. देवा, किती लहान मन आहे माझं.

अक्काने सात सुनांच्या म्हातारीची गोष्ट काढली. ही तर मला झोपेत येते. सात मुलगे, सात सुना, भरलेलं घर. रोज सगळे जेवून उठले की म्हातारी एक भाकर जास्तीची थापते आणि टोपल्यात झाकून ठेवते. मग एक दिवस देव भिकारी होऊन दारात येतो, भाकर खातो, आणि कणग्या धान्याने भरतात. मी देवाची वाट बघत बसले.

शमीमने मध्येच विचारलं, "पण अक्का, ठेवते कुणासाठी? सगळे तर जेवले!"

अक्का थांबली. मला वाटलं, विसरली. मग हळू म्हणाली, "कोनासाठेच नई. कोनी येनार नई, ते म्हतारीले म्हाईत व्हतं. पन एक भाकर जास्तीनी थापी, का घरमा कोनीतरी येवानं बाकी शे असं वाटे."

आणि गप्प झाली. हुंकाराला थांबली. शमीम तिच्याकडे बघतच राहिली, तोंड उघडं, हां म्हणायचं विसरून. मंडप चिडीचूप. इतका वेळ कधी कुणी अक्काला ताटकळत ठेवलेलं नाही. आणि मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "हां, मंग?"

मी म्हणाले. माझ्याच तोंडून गेलं. मला खरंच माहीत नव्हतं पुढे काय!

सगळी डोकी मागे वळली. अक्काने डोळ्यांवर हात धरून अंधारात बघितलं, आणि माईकवरून, चांगलं खणखणीत, "कोन, इमल का वं?" मंडप हसला. मी खांबामागे. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अक्का पुढे गेली. देव आलाच नाही यंदा. म्हातारी रोज सकाळी ती शिळी भाकर दुधात कुस्करून स्वतःच खायची आणि संध्याकाळी पुन्हा थापायची. धाकट्या सुनेने ते बघितलं. एका रात्री ती जेवण झाल्यावर उठून म्हातारीपाशी येऊन बसली. म्हणाली, आई, माले भूक लागनी, ती भाकर द्या. "तिले भूक नव्हती," अक्का म्हणाली, आणि संपवली.

शेजारच्या बाईने विचारलं, "रडताय का हो?"
म्हटलं, हो.
"गोष्ट चांगली होती, नाही?"
मला माहीत नव्हती, म्हटलं.

नारळ-शाल द्यायच्या आधी निघून आले.

११ जानेवारी, रविवार

सकाळी बसस्थानकावर गेले. पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेली, दोघींची. प्रसादने सोडलं होतं त्यांना, तो परत मैदानावर पळाला. शमीम जळगावच्या गाडीची चौकशी करायला गेली. मुद्दाम गेली असेल. समजूतदार आहे, काय करणार.

बाकावर अक्काशेजारी बसले. पोळ्यांची पुरचुंडी तिच्या पिशवीत ठेवली.
मग ती म्हणाली, "काल तुना हां येळवर उना."
"तू गोष्ट का बदलली?"
"बदलाले काय व्हयनं? ती भाकर मीच थापस."
कळलं नाही मला. म्हटलं, मंगलचं घर तर भरलेलं आहे, लेक-जावई, नातवंडं.
"बठ्ठा शेतस वं. सकायले बठ्ठा जातस, संध्याकायले येतस, हातमा मोबाईल. माले जेवाले देतस, गोया देतस. आइकाले कोनी नई. म्हनीसन मी शमीमना अंगनमा."

आणि मी इथे काय काय समजत बसले होते. मला वाटलं तिकडे हिची चैन आहे, मीच एक मागे राहिले. तिच्या हातावर हात ठेवला. गार होता. थंडीने माझाही गार.

"तुनं काय?" तिने विचारलं. "तू संध्याकायले काय करस?"
"मी? ब्लाऊज."
"ब्लाऊज ते दिनभर. संध्याकायले?"

तेवढ्यात गाडी लागली. शमीमने हाका मारल्या, पिशव्या, काठी, कंडक्टरची घाई. पायरीवर चढून अक्का मागे वळली. "माले तुनं काहीच म्हाईत नई, इमल. एवढा वरीस मीच बोलनू. फोन करसू. तू सांगजो, मी हां म्हनसू."
शमीम खिडकीतून म्हणाली, "बाई, या परत. भरीत खिलाती."

परत येताना मैदानावर गेले नाही. रविवारची दुपारची नाटकं चुकली.

१२ जानेवारी, सोमवार

फोन नाही. गाडीने थकली असेल.
महोत्सवाचा मंडप उतरवला. खुर्च्यांचे टेम्पो गल्लीतून गेले.

१३ जानेवारी, मंगळवार

नाही.
लोक बसस्थानकावर काय वाटेल ते बोलतात. गाडी सुटायची असते ना.
तरी मनात काय सांगायचं ते जुळवून बघत होते. मोटार चालू राहिली, टाकी वाहिली, अंगणात पाणी.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

दुपारी फोन आला. अक्का. तिळगूळ घे, गोड बोल, दोघींनी उरकलं. मग म्हणाली, "आते सांग."
"काय सांगू?"
"तुनं. कायबी."

 मग पाटलांच्या सुनेच्या दोन डाव्या बाह्यांचं सांगितलं. इतकी हसली की ठसका लागला. "हां, मंग?" म्हणाली, अगदी जागेवर. प्रसादने कसा हुंकार दिला ते सांगितलं. "हां, मंग?" खुर्चीवरच्या पर्सचं सांगितलं. तेव्हा हसली नाही, नुसतं "हां" म्हणाली. कुणी असं हां म्हणायला लागलं की किती सुचतं माणसाला! मी आयुष्यात एवढं सलग बोलले नसेन.

आणि मग निघून गेलं तोंडातून. ठरवलं नव्हतं. "अक्का, मी गोष्टनासाठे नई येत व्हतू वं तुनाकडे. गोष्टी माले कव्हयनाच पाठ व्हयन्यात. तुनाजोडे बसाले भेटे म्हनीसन येत व्हतू. आते मी कोनाजोडे बसू?"

हां आला नाही.

फोन स्पीकरवर टाकून मशीनवर ठेवलाय आणि हे लिहितेय. तिकडे कापूस पिंजल्याचा आवाज येतोय, म्हणजे फोन लागलेला आहे. अक्का अजून काही बोललेली नाही. फोन दोघींनीही ठेवलेला नाही.